जुन्या विद्यापीठ इमारतीच्या नूतनीकरणाचे नियोजन : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विभागप्रमुख, ग्रंथपाल, प्रयोगशाळा सहायक आणि इमारत समितीवर नव्यानेच आलेले सदस्य यांच्याकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते येथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. विषयाचा दुसरा पैलू अन्यत्र आला असेल तेथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. नियम ठिकाणागणिक बदलतात, त्यामुळे येथील आकडे नियोजनाच्या अंदाजापुरते समजावेत. अंतिम आकडे स्थानिक नियमावली आणि आपले रचना अभियंता यांच्याकडून घ्यावेत.

१. दुरुस्ती, नूतनीकरण आणि जतन यांत नेमका फरक काय?

बिघडलेले पूर्ववत करणे ही दुरुस्ती, इमारत आजच्या वापरास योग्य करणे हे नूतनीकरण आणि तिच्यात जे मोलाचे आहे ते शक्य तितके तसेच राखणे हे जतन. जुन्या इमारतीत ही तिन्ही कामे शेजारीशेजारी चालतात : छताची दुरुस्ती, प्रयोगशाळेचे नूतनीकरण, मुख्य जिन्याचे व सभागृहाचे जतन. म्हणून संपूर्ण इमारतीला एकच नाव देऊ नये. प्रत्येक खोलीपुढे, आणि महत्त्वाच्या खोल्यांत तर जमीन, भिंत, छत, दारे-खिडक्या यांपुढे स्वतंत्रपणे, कोणते काम अपेक्षित आहे ते लिहावे. हा तक्ता कंटाळवाणा असतो. पण तो नसला की ‘फरशी बदलणे’ या एका ओळीखाली शंभर वर्षांची उत्तम फरशी उखडली जाते आणि त्यात कंत्राटदाराची काहीही चूक नसते.

२. आमच्या समितीने कोणत्या विभागाला कोणती खोली द्यायची हे आधीच ठरवले आहे. आता पुढे काय करावे?

ते वाटप तूर्त बाजूला ठेवावे. नियोजनातील सर्वाधिक महागड्या चुका येथेच होतात. आधी इमारतीकडे काय आहे आणि तिला काय पेलते हे कळले पाहिजे, मगच कोणाला कोठे बसवायचे याची चर्चा अर्थपूर्ण होते. योग्य क्रम असा की प्रथम जुने कागद गोळा करावेत, मग प्रत्यक्ष मोजणी, मग स्थितीची पाहणी, आणि त्यानंतर निवडक ठिकाणी गिलावा, जमीन व छत उघडून तपासणी. जमिनीची भारक्षमता, जिन्यांची रुंदी, खिडक्यांची दिशा आणि पाण्याच्या नळ्यांच्या जागा या चार गोष्टी एका नकाशावर आल्या की निम्मे वाटप आपोआप ठरते. इमारतीला वापराप्रमाणे वाकवण्यापेक्षा वापर इमारतीत बसवणे जवळजवळ नेहमीच स्वस्त पडते. जागेच्या मागणीची पडताळणी कशी करावी यासाठी प्रश्न ३ पाहावा.

३. प्रत्येक विभाग जागा कमी पडते म्हणून सांगतो. खरी गरज कशी ओळखावी?

मोजून. वेळापत्रकावरून नव्हे, तर सत्राच्या मध्यातील एक-दोन आठवडे दर तासाला प्रत्येक खोलीत डोकावून. एखादी खोली उपलब्ध तासांपैकी ६० टक्के तास वापरात असेल आणि त्या वेळी निम्म्याच जागा भरत असतील, तर तिचा खरा वापर ३० टक्के होतो. विभागप्रमुख खोटे बोलत नसतात. सकाळी ११ वाजता त्यांना खरोखरच खोली मिळत नाही. मात्र तो प्रश्न भिंतींचा नसून वेळापत्रकाचा असतो आणि तो नूतनीकरणाने सुटत नाही.

४. जुने नकाशे आमच्या अभिलेखागारात आहेत. पुन्हा मोजणी कशासाठी?

कारण ते नकाशे बहुधा काय बांधायचे होते ते सांगतात, काय बांधले गेले ते नव्हे. आणि त्यानंतर प्रत्येक पिढीने काही भिंती पाडल्या, काही उभारल्या. लेझर स्कॅनने मोजणी केल्यास भिंतींचा कल व जमिनीचा उतारही नोंदला जातो. जुने नकाशे तरीही जपावेत. बुजवलेला जिना किंवा बंद केलेली हवेची पोकळी बऱ्याचदा त्यांतच सापडते, आणि अशा पोकळ्या प्रश्न १३ व १५ मध्ये उपयोगी किंवा घातक ठरतात.

५. स्ट्रक्चरल ऑडिटमध्ये, म्हणजे इमारतीच्या मजबुतीच्या तपासणीत, प्रत्यक्षात काय तपासले जाते?

सलोह काँक्रीटच्या, म्हणजे आत लोखंडी सळया असलेल्या काँक्रीटच्या, इमारतीत मुख्य शत्रू गंज असतो. ताजे काँक्रीट तीव्र अल्कधर्मी असते, त्याचा सामू (pH) १२.५ ते १३ च्या आसपास असतो आणि त्यामुळे आतील सळईवर संरक्षक थर टिकतो. हवेतील कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षे आत शिरत राहतो, सामू ९ च्या खाली येतो आणि सळई गंजू लागते. गंज मूळ लोखंडाच्या दुप्पट ते सहापट जागा व्यापतो, म्हणून वरचे आवरण फुगून पोपड्यांसारखे सुटते. हे पाहण्याची सोपी चाचणी आहे : नुकत्याच फोडलेल्या काँक्रीटवर फिनॉल्फ्थॅलीन हे रंग बदलणारे सूचक द्रावण फवारावे, जो भाग गडद गुलाबी होतो तो अजून शाबूत, जो रंगहीन राहतो तेथपर्यंत कार्बन डायऑक्साइड पोहोचलेला. गुलाबी कडा सळईच्या किती अलीकडे किंवा पलीकडे आहे, एवढे पाहून पुढच्या दशकाचा अंदाज बांधता येतो.

रीबाउंड हॅमरचा, म्हणजे काँक्रीटवर आपटून उसळी मोजणाऱ्या हातोड्याचा, आकडा अहवालात ठळकपणे दिलेला असतो, पण तो केवळ पृष्ठभागाचा कठीणपणा दाखवतो. निर्णय घेण्यापूर्वी काँक्रीटमधून काही दंडगोल गाभा-नमुने कापून काढून ते दाबून पाहिलेले असावेत. लाकडी तुळया असतील तर भिंतीत शिरलेली त्यांची टोके तपासावीत, कारण ओल आणि वाळवी तेथूनच सुरुवात करतात आणि मधला भाग कितीही ठणठणीत वाजला तरी तो टोकाबद्दल काहीही सांगत नाही. लोखंडी तुळया दगडी भिंतीत पुरलेल्या असतील तर गंजाच्या फुगवट्याने दगड तडकले आहेत का, ते बाहेरून पाहावे. अहवाल हाती आल्यावर पहिला प्रश्न असा विचारावा : आपण किती ठिकाणी उघडून पाहिले? केवळ फेरफटका मारून लिहिलेला अहवाल भाषेवरून ओळखता येतो. त्यात ‘आढळले’ कमी आणि ‘असण्याची शक्यता’ जास्त असते.

६. भिंतीवर भेगा आहेत. इमारत धोकादायक आहे का?

भेग आहे यापेक्षा ती वाढते आहे का, हे महत्त्वाचे. भेगेवर मोजपट्टी बसवून किमान एक वर्ष, म्हणजे सर्व ऋतूंत, नोंद ठेवावी. ऋतूंप्रमाणे उघडणारी-मिटणारी भेग आणि एकाच दिशेने रुंदावत जाणारी भेग यांवरचे उपाय पूर्णपणे वेगळे असतात. भेगेच्या कडा पाहिल्या तरी बरेच कळते : आत धूळ, जाळी आणि जुन्या रंगाचे थर असतील तर ती जुनी, कडा स्वच्छ व धारदार असतील तर नवी. मात्र भेगेसोबत छताला झोळ आला असेल, भिंत फुगली असेल किंवा कमानीचा दगड सरकला असेल, तर वर्षभर थांबू नये. खोली रिकामी करून अभियंत्यांना त्याच दिवशी बोलवावे.

७. ओलीवर सिमेंटचा गिलावा आणि वॉटरप्रूफ रंग लावला तरी ती दोन वर्षांत परत येते. असे का होते?

कारण त्या उपायाने ओल आत कोंडली जाते. चुन्यात बांधलेली दगडी किंवा विटांची जाड भिंत पाणी पूर्णपणे अडवत नाही. ती थोडे शोषते आणि कोरड्या हवेत सोडून देते. हा तिचा दोष नसून कार्यपद्धती आहे. सिमेंटचा घट्ट थर आणि तैलरंग यांमुळे बाष्पाची वाट बंद होते, पाणी अधिक उंच चढते आणि बाहेर पडण्यासाठी कमजोर जागा शोधते. पाण्यासोबत आलेले क्षार पृष्ठभागालगत स्फटिक होऊन विटेचा वा दगडाचा चेहराच पीठ करून टाकतात. सांधेभरणीचेही तसेच आहे. सांध्यातील मसाला दगडापेक्षा नरम असला पाहिजे, म्हणजे हालचाल व झीज सांधा सोसतो आणि सांधा पुन्हा भरता येतो. सिमेंटने भरलेल्या सांध्यात हा क्रम उलटतो : सांधे जाळीसारखे पुढे उभे राहतात आणि दगड मात्र मागे झिजतो.

म्हणून प्रथम पाण्याचा उगम शोधावा. अनुभवाने सांगायचे तर उगम बहुतेक वेळा अगदी सामान्य असतो : तुंबलेली पन्हळ, फुटलेली पावसाळी नळी, भिंतीलगत वाढलेली मातीची पातळी, किंवा नंतर कोणीतरी बसवलेल्या स्वच्छतागृहाची गळती. उगम बंद केल्यावर जुना सिमेंटचा थर काळजीपूर्वक उतरवून चुन्याचा गिलावा करावा आणि भिंत सुकण्यासाठी वेळ द्यावा. जाड भिंतीला तो महिन्यांत नव्हे, वर्षांत मोजावा लागू शकतो, आणि वेळापत्रकात ही ओळ कोणीही लिहीत नाही.

८. मोठी रिकामी खोली वरच्या मजल्यावर आहे. तेथे ग्रंथालय हलवता येईल का?

तपासणीशिवाय नाही, तात्पुरतेही नाही. वर्गखोलीसाठी जमिनीवर साधारण २०० ते ३०० किलो प्रति चौरस मीटर इतका भार गृहीत धरतात. पुस्तकांच्या उंच कपाटांसाठी ६०० ते ७०० किलो, तर रुळांवर सरकणाऱ्या दाट कपाटांसाठी १,००० किलोच्या पुढे. एक मीटर लांबीची भरलेली फळी ३० ते ४० किलोची असते. माणसे येतात आणि जातात. पुस्तके रात्रंदिवस तेथेच असतात, आणि लाकडी तुळई अशा कायम भाराखाली हळूहळू वाकत जाते.

एका विद्यापीठात मी हे जवळून पाहिले आहे. खालच्या मजल्यावरील काम होईपर्यंत संदर्भग्रंथांची कपाटे वर्गात हलवली, तीही भिंतीकडेला न ठेवता मधोमध. तीन आठवड्यांत खालच्या खोलीचे दार वरच्या चौकटीला घासू लागले. कोणीतरी सुताराला बोलावून दार रंधून घेतले. महिन्याने ते पुन्हा घासू लागले, पुन्हा रंधले गेले. दुसऱ्या खेपेस सुतारानेच विचारले की वर काय ठेवले आहे. सुदैवाने तुळया फक्त वाकल्या होत्या, मोडल्या नव्हत्या. ग्रंथालयासाठी तळमजला हाच पहिला पर्याय धरावा. वर न्यायचेच असेल तर वाचनकक्ष वर आणि संग्रह खाली, अशी विभागणी करावी.

९. प्रयोगशाळा जुन्याच इमारतीत ठेवाव्यात की नव्या बांधाव्यात?

कोणत्या प्रयोगशाळा, यावर ते अवलंबून आहे. संगणक, सर्वेक्षण, भूगर्भशास्त्राचे नमुने, साधे भौतिकी प्रयोग यांना जुनी इमारत चांगली मानवते. रसायनशास्त्राची अडचण हवेची असते. धूर ओढणारे एक कपाट घेऊ : तोंड १.५ मीटर रुंद, अर्धा मीटर उघडे, हवेचा वेग सेकंदाला ०.५ मीटर. ते तासाला १,३५० घनमीटर हवा बाहेर टाकते. खोली ८ मीटर लांब, ६ मीटर रुंद आणि ४ मीटर उंच असेल तर हे एकच कपाट तिची सगळी हवा तासातून सात वेळा रिकामी करते. तितकीच हवा, हव्या त्या तापमानाची, आत आणावी लागते. अशी सहा कपाटे म्हटली की नळ्यांसाठी प्रत्येक मजल्याला मोठी भोके पडतात आणि छतावर यंत्रांचे गाव वसते. माझे मत स्पष्ट आहे : अशा प्रयोगशाळांसाठी नवी जागा शोधावी आणि जुन्या इमारतीत अध्यापन, कार्यालये व वाचनकक्ष ठेवावेत. अतिसूक्ष्म मापन करणारी उपकरणे राहणारच असतील, तर ती तळमजल्यावर, लिफ्ट व यंत्रांपासून दूर ठेवावीत.

१०. प्रयोगशाळा रिकामी करताना काही विशेष खबरदारी आवश्यक आहे का?

होय, आणि ती कंत्राटदार आत येण्यापूर्वीच घ्यावी लागते. जुन्या रसायनकपाटात पिक्रिक आम्ल असू शकते. ते ओलसर ठेवलेले असते तोवर ठीक, पण सुकल्यावर स्फोटक होते आणि झाकणाच्या आट्यांत अडकलेले पिवळे स्फटिक झाकण फिरवतानाच्या घर्षणानेही पेटू शकतात. ईथरच्या जुन्या बाटल्यांत पेरॉक्साइड तयार झालेले असतात. अशी बाटली दिसल्यास उघडू नये, हलवू नये, पुसूही नये. खोली बंद करून तज्ज्ञांना बोलवावे. पर्क्लोरिक आम्ल वापरलेल्या कपाटांच्या धूरनळ्यांत स्फोटक क्षार साचलेले असू शकतात, म्हणून त्या नळ्या सरळ हातोड्याने उतरवू नयेत.

भौतिकीच्या जुन्या खोल्यांत फुटलेल्या वायुभारमापकांचा पारा लाकडी फळ्यांच्या फटीतून खाली गेलेला असतो. विजेरीचा झोत जमिनीलगत आडवा टाकला की फटीत चंदेरी थेंब चमकतात. जेथे किरणोत्सर्गी पदार्थांवर काम झाले होते तेथे मोजणी करूनच पुढे जावे. रेडियमचा अर्धायुष्यकाल सुमारे १,६०० वर्षे आहे, त्यामुळे ‘ते फार जुने आहे’ हे उत्तर येथे चालत नाही. निवृत्त प्रयोगशाळा सहायकांना एक दिवस बोलावून खोल्या दाखवायला सांगावे. यादीत नसलेल्या गोष्टी त्यांनाच ठाऊक असतात.

११. ॲस्बेस्टॉस आणि शिशाचा रंग कोठे असू शकतो?

ॲस्बेस्टॉस गरम पाण्याच्या व वाफेच्या नळ्यांच्या आवरणात, छतपत्र्यांत, जमिनीच्या जुन्या टाइल्समध्ये आणि प्रयोगशाळेच्या टेबलांवरील पत्र्यांत. शिसे बहुधा दारे, खिडक्या व कठड्यांच्या जुन्या थरांत. नमुने प्रयोगशाळेत तपासल्याशिवाय घासणे, छिद्रे पाडणे किंवा तोडफोड सुरू करू नये. हा खर्च अंदाजपत्रकात स्वतंत्र शीर्षाखाली असावा.

१२. जोते उंच आहे आणि दर्शनी पायऱ्या सुंदर आहेत. अपंग व्यक्तींसाठी सोय कशी करावी?

उताराचे प्रमाण सामान्यतः १:१२ धरतात. जोते ९० सेंटिमीटर उंच असेल तर उतार १०.८ मीटर लांब होतो आणि मध्ये विश्रांतीचा सपाट भाग धरून १२ मीटरांच्या पुढे जातो. इतकी जागा दर्शनी बाजूस क्वचितच असते. तरीही मागच्या दाराने, कचऱ्याच्या डब्यांजवळून प्रवेश देणे हा उपाय नव्हे. अनेकदा बाजूच्या दाराला सर्वांचाच मुख्य प्रवेश करणे, किंवा बाहेरील जमीन हळूहळू चढवत नेऊन उतार न दिसताच सोडवणे शक्य होते. लिफ्टसाठी जिन्याची मोकळी विहीर सर्वांना मोहात पाडते. पण तेथे ती बसवली तर जिना आणि त्याचा उजेड दोन्ही जातात. दुय्यम खोल्यांची एक उभी रांग त्यासाठी द्यावी. चाकाच्या खुर्चीला वळण्यासाठी १.५ मीटर व्यासाची जागा लागते, हे स्वच्छतागृहे आखतानाच पाहावे, नंतर नाही.

१३. वातानुकूलन, फॉल्स सीलिंग आणि वाय-फाय यांचे काय?

उंच छत आणि जाड भिंती खोलीचे तापमान संथपणे बदलू देतात. फॉल्स सीलिंगने हा गुण जातो आणि खिडकीच्या वरच्या भागातून खोलवर येणारा उजेडही जातो. आधी पंखे, सावली, आणि रंगाने बसून गेलेल्या खिडक्या पुन्हा उघडतील अशी दुरुस्ती करावी. यांत्रिक व्यवस्था उरलेल्या गरजेपुरती. उंच खोल्यांत आवाज घुमतो, त्यावर ध्वनिशोषक पट्ट्या पुरतात. वर्गात बोललेले स्पष्ट कळण्यासाठी निनादकाल, म्हणजे आवाज घुमून विरण्यास लागणारा वेळ, ०.६ ते ०.८ सेकंदांच्या आसपास असावा. दगडी भिंती वाय-फाय अडवतात, म्हणून प्रत्येक खोलीत तार न्यावी लागेल असेच धरावे. बंद पडलेल्या धुराड्या व हवेच्या पोकळ्या तारांसाठी वापराव्यात. मात्र प्रश्न १५ वाचल्यावरच.

१४. इमारत चालू ठेवून टप्प्याटप्प्याने काम करता येईल का?

येते, पण ते स्वस्त पडत नाही. प्रत्येक टप्प्याला स्वतंत्र आडोसा, तात्पुरती वीज व सुटकेचे मार्ग लागतात, आणि परीक्षाकाळात आवाजाची कामे थांबवल्यास त्या दिवसांचाही खर्च कोणीतरी देतो. निविदेतच शांततेचे दिवस तारखांसह लिहावेत. पर्यायी जागा मिळत असेल तर इमारत पूर्ण रिकामी करणे अधिक श्रेयस्कर.

१५. कामाच्या काळात आगीचा धोका खरोखरच वाढतो का?

वाढतो. ठिणग्या उडवणारी कामे, तात्पुरत्या तारा, रंग व लाकूड यांचे ढीग, उघडी छते आणि बंद ठेवलेल्या आगीच्या सूचक यंत्रणा हे सर्व एकाच वेळी येते. ग्लासगो स्कूल ऑफ आर्टची चार्ल्स रेनी मॅकिंटॉश यांनी रचलेली इमारत २०१४ मध्ये पेटली, तेव्हा आगीला पसरण्यास जुन्या हवेच्या पोकळ्यांनी वाट दिली. पाण्याच्या तुषारांची अग्निशमन यंत्रणा बसवण्याचे काम चालू होते, पण ती कार्यान्वित झालेली नव्हती. पुनर्बांधणी सुरू असतानाच २०१८ मध्ये तेथे दुसरी, अधिक विनाशकारी आग लागली.

यावरून नियोजनात दोन गोष्टी आणाव्यात. उभ्या पोकळ्या मोजणीच्या वेळीच शोधून प्रत्येक मजल्यावर अग्निरोधक पद्धतीने बंद कराव्यात, त्यांतून तारा नेल्या तरीही. आणि सूचक यंत्रणा शेवटच्या महिन्यात नव्हे, तर तात्पुरत्या स्वरूपात का होईना, पहिल्या महिन्यात उभी करावी. वेल्डिंग किंवा ज्योतीचे काम लेखी परवान्याशिवाय होऊ नये आणि ते संपल्यावर किमान तासभर त्या जागी माणूस बसलेला असावा.

१६. आकस्मिक खर्चासाठी किती रक्कम राखावी?

नव्या बांधकामात ५ ते १० टक्के पुरतात. जुन्या इमारतीत सुरुवातीच्या टप्प्यावर १५ ते २० टक्के धरणे शहाणपणाचे. उघडून केलेली तपासणी जितकी अधिक, तितका हा आकडा पुढे उतरवता येतो. वित्त समिती ही रक्कम ‘अनिश्चित’ म्हणून कापू पाहते. तिला प्रश्न ५ मधील तपासणीचा अहवाल आणि अजून न उघडलेल्या भागांची यादी एकत्र दाखवावी.

१७. एखादा तुटलेला नक्षीदार भाग हुबेहूब बनवावा की नवा दिसू द्यावा?

वारसा-इमारतींच्या जतनाची आंतरराष्ट्रीय तत्त्वे सांगणाऱ्या १९६४ च्या व्हेनिस सनदेप्रमाणे नवा भाग एकूण रूपाशी सुसंवादी असावा, पण मूळ भागापासून ओळखू येण्याजोगा असावा. आणि जेथे केवळ तर्क सुरू होतो तेथे पुनर्रचना थांबावी. ऑस्ट्रेलियातील १९७९ च्या बुरा सनदेची भूमिका आणखी व्यवहारी आहे : आवश्यक तितके करावे, पण शक्य तितके कमी. दहा कठडेखांबांपैकी एक गेला असेल तर उरलेले नऊ पुरावा आहेत. दहावा तसाच घडवून मागे लहान अक्षरांत वर्ष कोरावे. छायाचित्र किंवा तुकडा काहीच उरलेले नसेल तर साधा भाग बसवावा.

१८. रंग खरवडताना भिंतीवर जुने चित्र किंवा लेख निघाला तर?

त्या भिंतीवरचे काम थांबवावे, छायाचित्रे घ्यावीत, पाणी व रसायन न लावता ती झाकावी आणि जतनतज्ज्ञांना कळवावे. या थांबण्याचे पैसे कोण देणार हे करारात आधीच लिहिलेले असेल तरच कामगार सापडलेली गोष्ट दाखवतात. नसेल तर ती दुपारपर्यंत पुन्हा रंगाखाली जाते. देणगीदारांच्या पाट्या, कोरीव बाके, जुनी घड्याळे यांची छायाचित्रांसह यादी मात्र काम सुरू होण्यापूर्वीच करावी.

१९. ताबा घेताना काय मागावे?

प्रत्यक्ष झालेल्या कामाचे नकाशे, बंद केलेल्या भिंती व छतांची झाकण्यापूर्वीची छायाचित्रे, चुन्याच्या मसाल्याचे प्रमाण, रंगांचे क्रमांक आणि प्रत्येक झडपेची जागा. दोषदायित्वाचा काळ, म्हणजे कामातील दोष कंत्राटदाराने दुरुस्त करून देण्याची मुदत, सर्व ऋतू पुरे होतील इतका असावा. त्याच दिवशी पन्हळी साफ करण्याची जबाबदारी एका नावानिशी व्यक्तीकडे द्यावी आणि तिच्याकडे गच्चीच्या दाराची किल्ली असल्याची खात्री करून घ्यावी.